शेपटीची दिशा

रविवारच्या पानावर माझा मजकूर छापून आला त्याच दुपारी पापनाशमहून अक्काला फोन आला. भाचीचं लग्न पुढे ढकलावं, असं नवऱ्यामुलाच्या आत्याचं म्हणणं होतं. कारण विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या मजकुरासोबतच्या फोटोचं नाव घेतलं.

मजकूर धूमकेतूवर होता. आषाढात सापडलेला हा धूमकेतू आपल्या सूर्यमालेचा नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून निघून तो इथवर आला होता, सूर्याला वळसा घालून जाणार होता आणि परत येणार नव्हता. बाहेरून आलेली अशी ही माणसाला माहीत झालेली तिसरी वस्तू. त्यात त्याचं दिसणं विचित्र. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते, असं शाळेत शिकवतात. याची सुरुवातीच्या फोटोंत सूर्याकडे रोखलेली दिसत होती. काही जाणकारांनी त्याचा अर्थ लावला: उन्हाची बाजू तापते, तिथून धूळ उडते, कण मोठे असले तर सूर्यप्रकाशाला ते मागे रेटायला वेळ लागतो. पुढे नेहमीसारखी शेपटीही फुटेल, असं त्यांनी सांगितलं आणि तशी ती फुटली. दुसऱ्या काहींनी ते परक्यांचं यान असल्याचं सांगितलं. त्यांना जास्त लोकांनी वाचलं. तमिळ वाहिन्यांवर सकाळी राशिभविष्य सांगणाऱ्यांनी राजांना, गर्भवतींना आणि शेअर बाजाराला धोका सांगितला.

मी चेन्नईला एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्त झाल्यावर तंजावरला परतलो आणि अक्काच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. एका तमिळ दैनिकासाठी अधूनमधून समजावून सांगणारे मजकूर लिहितो. ग्रहण, वादळ, नवी लस. लोक घाबरण्याआधी मजकूर पोचावा अशी डेस्कची अपेक्षा असते आणि तो नेहमी घाबरून झाल्यावर पोचतो. अशा कामाचा कंटाळा येतो, पण तो काम न करण्याच्या कंटाळ्यापेक्षा बरा.

अक्का माझी थोरली बहीण. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न तिच्या एकुलत्या एक मुलीचं. भाची चौतीस वर्षांची, गावाबाहेरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तिचं आधी दोन ठिकाणी ठरून मोडलं होतं. तंजावरच्या मराठी घरांत स्थळं थोडी, आणि जी आहेत त्यांतली निम्मी नात्यात बसतात. हे तिसरं स्थळ जुळलं तेव्हा घरात कोणी फार आनंद दाखवला नाही. दोनदा दाखवून झाला होता.

मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत अभियंता. आईवडील लहानपणीच गेले, आत्याने वाढवलं. डिसेंबरात त्याची बदली आसामला व्हायची होती. मुहूर्त मार्गशीर्षाच्या सुरुवातीचा धरला होता, कारण त्यानंतर शुक्राचा अस्त होता. शुक्र सूर्याच्या उजेडात लपला की आमच्याकडे लग्न लावत नाहीत. शेजारच्या तमिळ घरांत याची एवढी दखल घेत नाहीत. ते मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, टाळतात. आम्ही दोन्ही टाळतो. इतकी वर्षं इथे राहून आम्ही शेजाऱ्यांचे निषेध घेतले आणि आपले सोडले नाहीत. म्हणजे आता नाही तर थेट माघात, आणि माघात मुलगा आसामात.

भाचीने फोननंतर एवढंच सांगितलं, “आत्ता झालं तर झालं. पुढे ढकललं तर मी नाही म्हणून कळवा. परत साड्या नेसून कोणापुढे बसायचं नाही मला.”

ती रागावली की तमिळमध्ये बोलते. हे तिने मराठीत सांगितलं. त्यामुळे अक्का जास्त घाबरली.

मी वर जाऊन छापलेलं पान पुन्हा पाहिलं. मी पाठवलेला फोटो आडवा होता. काळं आकाश, मध्ये एक पांढुरका गोळा, त्यातून डावीकडे निघालेला धूसर पट्टा. फोटोओळ मी अशी दिली होती की सूर्य फोटोच्या डाव्या हाताला आहे. पानावर शेवटच्या क्षणी एक जाहिरात आली असावी. पान लावणाऱ्याने फोटो फिरवून उभा केला, एका कॉलमात बसवला आणि फोटोओळ काढून टाकली. आता गोळा वर होता आणि पट्टा सरळ खाली. शेवटचा परिच्छेदही गेला होता. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. मी स्वतः पस्तीसेक वर्षं तसाच कापत आलो, म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं हे मला माहीत असायला हवं. पण ‘हा धूमकेतू नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही’ हे वाक्य मला समारोपाचं वाटलं होतं.

डेस्कवर फोन केला. तिकडचा तरुण नम्र होता.

“सार, पानावर दिशा कोण बघतं?”

“पापनाशमला एक बाई बघतात,” मी म्हटलं.

खुलासा छापू, असं तो म्हणाला. असे शब्द मीही अनेकांना दिले आहेत.

दुसऱ्या दिवशी अक्का, भाची आणि मी पापनाशमला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना सांबा भाताचं पीक पाण्यात उभं होतं. रात्री पाऊस झाला होता आणि पुन्हा होणार होता. अक्काने डब्यात रवा लाडू घेतले होते. ते द्यायचे की परत आणायचे हे ठरलेलं नव्हतं, म्हणून डबा तिने मांडीवरच धरला होता.

मुलाची आत्या सरकारी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर भूगोल शिकवला. घर स्टेशनच्या मागे, लहान, नवं, स्वच्छ. भिंतीवर भारताचा नकाशा आणि शेजारी पंचांग टांगलेलं. त्या मला ‘मामा’ म्हणत, कारण मी मुलीचा मामा. मी त्यांना ‘अत्या’ म्हणत असे. त्यांनी कॉफी दिली आणि माझंच पान टेबलावर उलगडून ठेवलं.

“हे तुमचंच ना, मामा?”

“माझं.”

“मग सांगा. शेपटी कुठे आहे?”

“फोटोत खाली.”

“खाली म्हणजे कुठली दिशा?” त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी किती वर्गांना विचारला असेल ते आवाजावरून कळत होतं.

माझ्या लक्षात आलं तेव्हा थोडं हसू आलं, पण ती वेळ नव्हती. त्यांनी पान नकाशासारखं वाचलं होतं. वर उत्तर, खाली दक्षिण. दक्षिण यमाची. केतूची शेपटी ज्या दिशेला, तिकडच्या लोकांना त्याचं फळ, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. आणि दक्षिणेला कोण, तर आपण. घरात एकच मुलगा, त्याच्या लग्नाच्या महिन्यात. यात त्यांचं चुकलं म्हणायला मला फारशी जागा नव्हती. ज्या बाईने जन्मभर मुलांना कागदावर दिशा बघायला शिकवलं, तिने आणखी काय करायचं?

मी खुलासा केला. फोटो आडवा होता, जागेसाठी उभा केला, वर्तमानपत्राच्या पानाला दक्षिण नसते.

“जागेसाठी आकाश फिरवता तुम्ही?”

“डेस्क फिरवतं.”

“सरी, ठीक. मग खरी शेपटी कुठे?”

“या फोटोत सूर्याकडे.”

“धूमकेतूची सूर्याकडे असते?”

“नसते. म्हणून तर छापलं.”

“म्हणजे उलटी. तुम्ही येऊन बरं सांगायच्या ऐवजी आणखी वाईट सांगितलं, मामा.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दमलेल्या माणसाला आणखी एक पिशवी उचलायला सांगितली तर तो जसा बघतो तशी ती बघत होती.

मी जड धूळ, हलकी धूळ आणि प्रकाशाचा दाब समजावला. आता त्याला नेहमीसारखी शेपटीही आहे, म्हणजे दोन्हीकडे काही ना काही दिसतं, हेही सांगितलं. सगळं बरोबर होतं. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “कारण कळलं. कारण कळलं म्हणून फळ टळतं असं कुठे लिहिलं आहे?”

मग त्यांनी स्वतःच बाजू मांडली, आणि ती मांडताना त्यांचा आवाज जरा खाली आला. “मला हौस नाही हे करायची. त्याच्या आईबापाचं लग्न लावलं तेव्हाही लोक असंच काही सांगत होते, आम्ही ऐकलं नाही. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत. त्याचा याच्याशी संबंध नसेल. नसेलच. पण दुसऱ्यांदा तेच करायची माझी छाती होत नाही.”

लाडवांचा डबा अक्काच्या मांडीवरच होता.

तेव्हा भाची बोलली. इतका वेळ ती भिंतीवरचं पंचांग बघत बसली होती.

“अत्या, एक विचारू? अमेरिकेत ग्रहण लागतं, आपल्याकडे दिसत नाही. तुम्ही सुतक पाळता का?”

“नाही. आपल्या गावी दिसत नाही त्याचे वेध नाहीत.”

“आणि ते चंद्रग्रहण, नुसती फिकट सावली पडते, डोळ्यांना फरक कळत नाही, ते?”

“छायाकल्प. ते पण नाही पाळत. पंचांगातच लिहितात.”

“मग हा?”

अत्यांनी पंचांगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. “डोळ्यांना दिसतो का हा?”

“नाही. दुर्बीण लागते, तीही बऱ्यापैकी मोठी.”

“हे लिहिलं का नाही?”

“लिहिलं होतं. कापलं.”

“म्हणजे कामाचं तेवढंच कापलं.”

“जागा नव्हती.”

“आकाश फिरवायला जागा होती,” त्या म्हणाल्या, आणि भाची पहिल्यांदा हसली. हसताना तिने तोंडासमोर कॉफीचा टंबळर धरला.

पण अत्या नुसत्या माझ्या सांगण्यावर थांबायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं कारण मला पटलं. “तुम्ही मुलीचे मामा. उद्या मी लोकांना सांगू काय, मुलीच्या मामांनी दिसत नाही म्हणून सांगितलं? मी स्वतः बघणार. कधी असतो तो वर?”

“पहाटे. पूर्वेला. चित्रा नक्षत्राच्या वरच्या अंगाला.”

“चित्रा मला माहीत आहे. मोकळ्या आकाशात, माझ्या डोळ्यांनी. दिसला तर माघ. नाही दिसला तर ठरलेल्या दिवशी लग्न. आणि ढग असतील तो दिवस धरायचा नाही. ढगाआड ग्रहण गेलं म्हणून सुतक सुटत नाही.”

ही अट मान्य झाली. ती चांगली अट होती. माझ्या आयुष्यात पाहिलेल्या बहुतेक चौकशी समित्यांच्या अटींपेक्षा नेमकी होती. अडचण एवढीच की महिना नोव्हेंबर होता, आणि या महिन्यात कावेरीच्या या भागात मोकळं आकाश कोणी मागत नाही. उलट पाऊस आला नाही तर काळजी करतात.

लाडवांचा डबा आम्ही तिथे ठेवला.

त्यानंतर रोज पहाटे फोन यायचा. “ढग,” असं अत्या सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या. अक्का देवापुढे निरांजन लावून परत आडवी व्हायची. कार्यालय आमच्या नावावर राखून ठेवलं होतं, आचारी आमच्यासाठी थांबला होता, आणि दोन्हीकडून रोज विचारत की नक्की ना? पत्रिका छापून खोक्यात पडल्या होत्या. आमच्या घरांतल्या पत्रिका तमिळ आणि इंग्रजीत असतात, वर कुलदेवतेची एक ओळ देवनागरीत. ती बहुतेकांना वाचता येत नाही, पण तिच्याशिवाय पत्रिका कोणी घेत नाही. त्या ओळीखाली तारीख होती. ती खोकी अक्काने जिन्याखाली ठेवली आणि त्यावर जुनी चादर टाकली, म्हणजे येता-जाता दिसू नये.

मुलाचा मला एकदा फोन आला. तो सभ्य आणि थोडा ओशाळलेला होता. “मामा, आत्याला मी काही सांगू शकत नाही. तिने माझ्यासाठी स्वतःचं काही केलं नाही. पण तुम्ही सांगा, दिसणार नाही ना?”

“नुसत्या डोळ्यांनी नाही.”

“नक्की?”

माझ्या नोकरीत ‘नक्की’ हा शब्द आम्ही मथळ्यात येऊ देत नसू. “नक्की,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जे वाचायला मिळालं ते पुन्हा वाचलं. सूर्यामागून बाहेर आल्यावर तो अपेक्षेपेक्षा जास्त उजळला होता, हे खरं. आणखी उजळला तर? ज्यांनी शेपटीचं भाकीत केलं त्यांचं बरोबर आलं, पण तेजाचं भाकीत करणाऱ्यांना मध्येच आकडे बदलावे लागले होते. कुठल्याही हिशोबाने तो डोळ्यांच्या आवाक्याच्या फार खाली होता. तरी मला झोप लागली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाकितांवर अवतरणचिन्हं घालून ती छापली. आता एक माझ्या नावावर होतं.

भाची संध्याकाळी कॉलेजातून आली की पेपर तपासत बसायची. एकदा मी विचारलं, तुला हा मुलगा आवडला आहे ना?

“आवडला आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर चिडले. नसता आवडला तर धूमकेतूचे आभार मानले असते.” मग लाल पेनाने एक आकडा खोडून म्हणाली, “मामा, दोनदा मोडलं तेव्हा कारण तरी माणसांचं होतं. एकदा उंची, एकदा नोकरी. आता दुसऱ्या ताऱ्याकडचा दगड. मी कोणाशी भांडायचं?”

अमावास्या जवळ आली होती. एके दिवशी दुपारपासून वारा सुटला, संध्याकाळी पश्चिमेला लांबपर्यंत निळं दिसू लागलं. अक्काने स्वतः पापनाशमला फोन केला. आम्ही पहाटे अंधारातच निघालो. भाचीने कॉलेजमधून पक्षी बघायची दुर्बीण आणली होती. ती पिशवीतच असू दे, असं मी म्हटलं.

अत्या दारात तयार उभ्या होत्या. अंगावर शाल, डोक्याला मफलर, पायात पावसाळी चपला. त्यांनी चष्मा पदराने पुसला, डब्यात ठेवला, परत काढला आणि पुन्हा पुसला. “मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा काढला आहे,” त्या मला म्हणाल्या. “वाट्टेल त्या डॉक्टरला विचारा. डोळ्याला दोष देऊ देणार नाही मी.”

गावाबाहेर कालव्याच्या बांधावर गाडी थांबवली. तिथून पूर्वेला नारळाची झाडं दूर होती. खाली शेतात पाणी आणि बेडूक. आकाशात एकही ढग नव्हता. इतक्या दिवसांनी ते तसं पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

अत्यांनी आधी स्वतः ओळख करून घेतली. “ते हस्त. हाताचा पंजा. आणि ती चित्रा.” बोट बरोबर होतं. “आता सांगा, मामा. कुठे?”

मी सांगितलं. चित्रापासून वर, थोडं डावीकडे, त्या दोन फिकट ताऱ्यांच्या मधल्या अंगाला. भाचीने मोबाइलवर नकाशा उघडला होता. तिने तो बघून मान हलवली आणि उजेड नको म्हणून लगेच बंद केला.

अत्या बघत राहिल्या. शाल खांद्यावरून सरकली, ती त्यांनी सावरली नाही. अक्का त्यांच्या मागे हात जोडून उभी होती, आकाशाला की अत्यांना ते सांगता येणार नाही. मीही बघत होतो. एका क्षणी मला तिथे काहीतरी धूसर आहे असं वाटलं. सतत टक लावली की तसं वाटतं. नजर हलवली, परत आणली, काही नव्हतं.

“तिथे काही आहे असं तुम्ही म्हणता,” अत्या म्हणाल्या.

“आहे.”

“मला तिथे आकाश दिसतं आहे.”

“तेच दिसणार.”

“शेपटी नाही, डोकं नाही, धूर नाही.” त्या जराशा डावीकडे सरकल्या, म्हणजे मधे काही आड येत असेल तर कळावं. आड काहीच नव्हतं. “तुला दिसतं का गं?” त्यांनी भाचीला विचारलं.

“अत्या, मला विचारू नका,” ती म्हणाली. “माझं लग्न आहे.”

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि तेवढ्यात खाली झाडांच्या रेषेवर शुक्र आला. तो उगवताना कोणाला दाखवावा लागत नाही. पाण्यात त्याचा लांब उजेड पडला आणि बांधावरून शेताच्या मध्यापर्यंत गेला.

“हा आहे अजून,” अत्या म्हणाल्या.

“थोडेच दिवस. मग अस्त.”

“माहीत आहे मला. पंचांग मी बघते, तुम्ही पेपर बघता.” त्या शाल सावरत होत्या. “लग्नाला हा लागतो. हा समोर आहे. जो दिसत नाही त्याच्यासाठी याला कशाला घालवायचा?”

अक्काने विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे आचाऱ्याला सांगा. आणि पत्रिका वाटा, किती दिवस जिन्याखाली ठेवाल?”

पत्रिका जिन्याखाली आहेत हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा मुलाने. म्हणजे भाची त्याच्याशी रोज बोलत होती.

शब्द देऊन झाल्यावर अत्यांनी पिशवीकडे बोट केलं. “त्यात काय आहे, दुर्बीण? दे इकडे. आता बघायला हरकत नाही.” त्यांनी त्या जागी दुर्बीण लावली, फिरवली, बराच वेळ शोधलं. दुर्बीण पक्ष्यांसाठीची होती, तीत काही मिळालं नाही. “एवढ्या लांबून आला,” त्या दुर्बीण न काढता म्हणाल्या, “आणि आपल्याला तोंडही दाखवलं नाही.” आवाजात थोडी निराशा होती. मग उजाडू लागलं आणि तारे एकेक करून गेले. चित्रा शेवटपर्यंत टिकली, तिच्या मागोमाग शुक्र.

परतताना तिरुवैयारूच्या फाट्यावर चहासाठी थांबलो. अक्का आचाऱ्याशी फोनवर बोलत होती, डाळ किती, तूप कोणाकडचं. मी भाचीला म्हटलं, झालं ना मनासारखं? तिने ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

“झालं,” ती म्हणाली. “आता नऊ वाजता तास आहे मला. आनंद लग्नात करते, मामा. आत्ता नाही होत.”

गाडी सुरू झाल्यावर ती झोपली. अक्काही झोपली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. सकाळपासून पाऊस होता, कार्यालयाच्या मागच्या बाजूला पाणी शिरलं आणि अर्ध्या पंक्ती वरच्या मजल्यावर हलवाव्या लागल्या. अंतरपाट धरताना माझे हात दुखले, कारण भटजी कोणतीही गोष्ट गाळायला तयार नव्हते. अंतरपाट खाली आला तेव्हा भाची हसत होती. ते मी पाहिलं आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

अत्यांनी मला पंक्तीत बसलेल्या, त्यांच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणीसमोर नेऊन उभं केलं. “हे मुलीचे मामा. पेपरवाले. आडवा धूमकेतू उभा करतात.”

“तो धूमकेतू?” मैत्रीण म्हणाल्या. “काय हो, त्याची शेपटी खरी कुठल्या बाजूला होती?”

मी सांगायला तोंड उघडलं. अत्यांनी मैत्रिणीच्या पानात जिलेबी वाढायला लावली आणि म्हणाल्या, “तू जेव आधी. ते सांगायला लागले की थांबत नाहीत.”